पारमानववाद आणि समकालीन अमूर्त कला : नील हार्बिसन यांच्या वर्णलेखांच्या निमित्ताने

विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत युरोपात अमूर्त चित्रकला उदयास आली. दृश्य जगाचे अनुकरण सोडून देण्याचे धाडस त्या पिढीला कोठून मिळाले, या प्रश्नाची कलासमीक्षेत पुष्कळ चर्चा झाली आहे. छायाचित्रणाने चित्रकाराकडून हिरावून घेतलेले काम, संगीताविषयीची ओढ, भौतिकशास्त्रातील नवे शोध ही कारणे सर्वपरिचित आहेत. त्यांच्या जोडीला आणखी एक कारण होते. माणूस आज जसा आहे तो त्याचा अंतिम अवतार नव्हे, त्याची इंद्रिये अपुरी आहेत आणि त्यांच्या पलीकडचे काही पाहता येईल, अशी श्रद्धा त्या पिढीतील अनेकांच्या ठायी होती. शंभर वर्षांनंतर तीच आकांक्षा वेगळ्या वेशात कलेच्या दाराशी उभी आहे. तिचा आजचा आधार अध्यात्म नसून शस्त्रक्रिया, संवेदक आणि संगणक हा आहे. या आकांक्षेने समकालीन अमूर्त कलेत नेमके काय बदलले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. विवेचनाचा भर सर्वसाधारण आढाव्यावर नसून प्रामुख्याने एका कलावंताच्या एका चित्रमालिकेवर आहे. कारण या विषयावरील बरेचसे लेखन घोषणांच्या पातळीवर राहते आणि चित्रासमोर थांबत नाही.

संज्ञेविषयी थोडेसे

'ट्रान्सह्यूमॅनिझम' या संज्ञेसाठी मराठीत अद्याप एकच प्रतिशब्द रुळलेला नाही. 'अतिमानव' हा शब्द नीत्शे आणि श्रीअरविंद यांच्या विचारांशी इतका निगडित झाला आहे की तो येथे वापरल्यास घोटाळा होईल. 'उत्तरमानववाद' हा शब्द माणसाला विश्वाच्या केंद्रस्थानी ठेवणाऱ्या दृष्टीची चिकित्सा करणाऱ्या निराळ्या विचारप्रवाहासाठी योजला जातो. म्हणून येथे 'पारमानववाद' हा शब्द स्वीकारला आहे. माणसाने तंत्रज्ञानाच्या साहाय्याने आपल्या शारीरिक आणि बौद्धिक मर्यादा ओलांडणे शक्य आहे आणि इष्टही आहे, असे मानणारा विचार म्हणजे पारमानववाद. शक्यतेचा वाद शास्त्रज्ञ सोडवतील. 'इष्ट' हा शब्द मात्र अधिक अवघड आहे.

ही संज्ञा प्रचारात आणण्याचे श्रेय जीवशास्त्रज्ञ आणि युनेस्कोचे पहिले महासंचालक ज्युलियन हक्सली यांच्याकडे जाते. १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधसंग्रहात याच शीर्षकाचा निबंध आहे. हक्सली सुप्रजननवादी चळवळीतही अग्रभागी होते, ही गोष्ट या विचाराचा इतिहास सांगताना पुष्कळदा गाळली जाते. पुढे मॅक्स मोर यांनी १९९० मध्ये या विचाराला तत्त्वज्ञानाची मांडणी दिली. निक बोस्ट्रॉम आणि डेव्हिड पिअर्स यांनी १९९८ मध्ये त्यासाठी जागतिक संघटना स्थापन केली. रे कर्झवाइल यांच्या २००५ मधील ग्रंथाने यंत्रबुद्धी आणि मानवबुद्धी यांच्या संगमाची कल्पना सामान्य वाचकापर्यंत नेली. आपल्या शरीराचे रूप आपणच ठरवण्याचा अधिकार, म्हणजे रूपस्वातंत्र्य, हे या विचारातील एक मध्यवर्ती सूत्र आहे. कलेच्या दृष्टीने तेच सर्वांत महत्त्वाचे ठरले.

अध्यात्माकडून आलेली अमूर्तता

आजच्या पारमानववादी कलेतील नवे काय आणि जुने काय हे कळण्यासाठी १९०५ सालच्या एका पुस्तकाकडे वळावे लागते. ॲनी बेझंट आणि चार्ल्स लेडबीटर या थिऑसॉफिस्ट द्वयीने विचारांना रंग आणि आकार असतात, असे प्रतिपादन करणारे एक सचित्र पुस्तक त्या वर्षी प्रसिद्ध केले. राग, भक्ती, मत्सर यांचे आकार त्यात रंगवलेले आहेत. त्याहून लक्षवेधी आहेत ती मेंडेल्सन, गूनो आणि वॅग्नर यांच्या संगीताची चित्रे. चर्चच्या इमारतीवर संगीताचा रंगीत फुलोरा उठलेला त्यांत दाखवला आहे. ही चित्रे लेखकद्वयीने स्वतः काढलेली नव्हती. अतींद्रिय दृष्टीने आपल्याला जे दिसले त्याचे वर्णन त्यांनी केले आणि ज्यांना ते दिसत नव्हते अशा स्नेह्यांनी ते रंगवले. दिसणे एकाचे आणि रंगवणे दुसऱ्याचे, ही फारकत पुढील विवेचनात पुन्हा भेटणार आहे.

पीट मोंद्रियान १९०९ मध्ये थिऑसॉफिकल सोसायटीचे सभासद झाले. १९१०–११ च्या सुमारास त्यांनी 'उत्क्रांती' हे त्रिफलक चित्र रंगवले. त्यात तीन निळसर स्त्रीदेह उभे आहेत आणि एका देहाकडून दुसऱ्याकडे जाताना चेतनेची पायरी चढत गेली आहे. चित्र म्हणून ते काहीसे अवघडलेले आहे. मोंद्रियान यांच्या चाहत्यांनाही ते दाखवताना संकोच वाटावा असे. परंतु त्याचे महत्त्व निराळे आहे. देहातून वर जाण्याची जी इच्छा येथे देह रंगवून व्यक्त झाली, तीच पुढे काही वर्षांतच देह पूर्णपणे वगळून उभ्या-आडव्या रेषांत व्यक्त झाली. युरोपीय अमूर्ततेच्या एका मोठ्या शाखेच्या मुळाशी मनुष्यदेहाच्या उत्क्रांतीचे स्वप्न आहे, याचा हा ढळढळीत पुरावा होय.

रशियात या स्वप्नाला यंत्राची जोड मिळाली. निकोलाय फ्योदोरोव या मॉस्कोतील ग्रंथपालाने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एक विलक्षण कार्यक्रम मांडला होता. विज्ञानाच्या बळावर मृत्यूवर विजय मिळवावा, होऊन गेलेल्या सर्व पूर्वजांना पुन्हा जिवंत करावे आणि त्यांना राहण्यासाठी इतर ग्रह वसवावेत, असे ते सांगत. अवकाशयानाच्या गणिताचे आद्य अभ्यासक त्सिओल्कोव्स्की तरुणपणी त्यांच्या सहवासात होते. काझिमीर मालेविच यांनी १९१५ मध्ये पेत्रोग्राद येथील प्रदर्शनात 'काळा चौकोन' खोलीच्या वरच्या कोपऱ्यात, म्हणजे रशियन घरात देवप्रतिमा ठेवतात त्या जागी, टांगला. १९२० मध्ये तेच मालेविच पृथ्वी आणि चंद्र यांच्या दरम्यान फिरणाऱ्या सुप्रीमॅटिस्ट उपग्रहाविषयी लिहीत होते. त्यामुळे पारमानववादाचा अमूर्त कलेवर प्रभाव पडला, असे सरसकट विधान करताना थोडे थांबावे लागते. दोघांची मुळे एकाच जमिनीत आहेत. आज दिसते आहे ती बरीचशी जुन्या नातलगांची भेट आहे.

वासिली कांडिन्स्की यांचे उदाहरण येथे अधिक तपशिलाने पाहणे आवश्यक आहे. १९११ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या कलेतील अध्यात्मविषयक ग्रंथात त्यांनी रंग आणि वाद्ये यांचे कोष्टकच दिले आहे : पिवळा रंग तुतारीसारखा, फिकट निळा बासरीसारखा, गडद निळा चेलोसारखा, त्याहून गडद निळा ऑर्गनच्या खर्जासारखा. थिऑसॉफीचाही त्यात आदराने उल्लेख आहे. याच वर्षाच्या आरंभी, २ जानेवारी १९११ रोजी, म्युनिक येथे आर्नल्ड शोनबर्ग यांच्या रचनांची मैफल त्यांनी ऐकली आणि लगेच 'इम्प्रेशन तीन (मैफल)' हे चित्र रंगवले. चित्राचा मोठा भाग पिवळ्या रंगाच्या लोटाने व्यापलेला आहे. वरच्या अंगाला पियानोचा काळा आकार आहे. आता त्या मैफलीत तंतुवाद्यांची चौकडी होती, पियानो होता, गायन होते. तुतारी नव्हती. कांडिन्स्की यांनी स्वतःचे कोष्टक पाळले असते तर हे चित्र निळे-करडे झाले असते. जे ऐकले त्याचे रूपांतर त्यांनी केले नाही. त्याला प्रतिसाद दिला. कोष्टक ग्रंथात राहिले आणि कॅनव्हासवर निर्णय झाला. हा फरक पुढील चर्चेत कसोटीसारखा उपयोगी पडतो.

पडद्यावरची स्मृती

आजच्या काळात पारमानववादी कल्पनांचा अमूर्त कलेशी जो संबंध सर्वाधिक प्रेक्षकांनी पाहिला, तो रफीक अनादोल यांच्या कामात. इस्तंबूल येथे १९८५ मध्ये जन्मलेल्या या कलावंताची 'अनसुपरवाइज्ड' ही कृती नोव्हेंबर २०२२ ते ऑक्टोबर २०२३ या काळात न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या प्रवेशदालनात सुमारे २४ फूट लांब-रुंद पडद्यावर चालू होती. संग्रहालयाच्या सुमारे दोनशे वर्षांच्या कलासंग्रहातील १,३८,००० हून अधिक नोंदींवर एक यंत्रप्रणाली शिकवली गेली होती आणि ती अखंड नवनवे आकार निर्माण करीत होती. दालनातील हालचाल, आवाज आणि बाहेरचे हवामान यांचाही त्यावर परिणाम होत असे. रंगांच्या लाटा उसळत, फुटत, पुन्हा गोळा होत. यंत्र स्वप्न पाहते आहे, अशी या कृतीची भूमिका होती.

ही कृती लोकप्रिय झाली, संग्रहालयाने ती आपल्या संग्रहातही घेतली आणि अनेक समीक्षकांनी तिला झोडपले. तिचा मोह समजण्यासारखा आहे. परंतु अर्धा तास पाहिल्यावर जाणवते की तिच्यात कोणतीही गोष्ट नाकारलेली नाही. लाटेमागून लाट येते आणि कोणतीही लाट दुसरीपेक्षा आवश्यक वाटत नाही. चित्रकार जेथे थांबतो, पुसतो, रंग खरवडून काढतो, तेथे चित्र घडते. येथे थांबण्याचे कारणच उरलेले नाही. मृत्यू नसलेल्या आयुष्याचे जे चित्र पारमानववाद रंगवतो, त्याची ही नकळत झालेली टीका आहे, असेही वाचता येईल. पण कृतीचा स्वर पाहता तिला तसे म्हणायचे आहे, असे दिसत नाही.

याच कलावंताची त्याआधीची, २०१८ मधील 'मेल्टिंग मेमरीज' ही कृती अधिक टिकाऊ वाटते. काही व्यक्तींना आपल्या दीर्घकालीन आठवणींवर मन केंद्रित करावयास सांगून त्यांच्या मेंदूतील विद्युत्‌लहरींची नोंद घेण्यात आली आणि त्या नोंदीतून पडद्यावर पांढऱ्या, हलत्या उठावशिल्पासारखा पृष्ठभाग तयार करण्यात आला. कुटुंबातील एका ज्येष्ठाला झालेला अल्झायमर हा तिच्यामागील प्रेरणेचा भाग होता, असे अनादोल यांनी सांगितले आहे. येथे हरवणारे काहीतरी आहे. तरीही जी आठवण नोंदवली ती कोणाची आणि कशाची हे पृष्ठभागावर उमटत नाही. उमटते ती लहरींची तीव्रता. यंत्राने मेंदू ऐकला, पण आठवण ऐकली नाही.

या संदर्भात हॅरॉल्ड कोहेन यांचे स्मरण उचित ठरेल. १९६६ मध्ये व्हेनिस द्वैवार्षिकीत ब्रिटनचे प्रतिनिधित्व करणारे हे प्रस्थापित अमूर्त चित्रकार कॅलिफोर्नियात गेले आणि १९७० च्या दशकाच्या आरंभापासून २०१६ मधील मृत्यूपर्यंत 'आरन' या चित्र काढणाऱ्या संगणकप्रणालीवर काम करीत राहिले. इतकी वर्षे यंत्राबरोबर काढूनही ते यंत्र सर्जनशील आहे असे म्हणावयास ते तयार नव्हते. यंत्राविषयी सर्वांत कमी दावे त्याच्याशी सर्वाधिक काळ काम केलेल्या चित्रकाराने करावेत, ही बाब सूचक आहे.

हार्बिसन यांची अँटेना

नील हार्बिसन यांचा जन्म १९८२ चा. कॅटलोनियातील मातारो या गावी ते वाढले. जन्मतःच त्यांना पूर्ण वर्णांधता आहे. त्यांचे डोळे जग केवळ काळ्या-पांढऱ्या-करड्या छटांत पाहतात. शालेय वयात त्यांनी चित्रेही त्याच छटांत काढली. इंग्लंडमधील डार्टिंग्टन कला महाविद्यालयात संगीताचे शिक्षण घेत असताना, २००३ मध्ये, ॲडम मॉन्टॅडन यांचे व्याख्यान त्यांनी ऐकले आणि दोघांनी मिळून रंगाचे स्वरात रूपांतर करणारे उपकरण तयार केले. डोक्याच्या मागून वर येऊन कपाळापुढे झुकणारी अँटेना, तिच्या टोकाला रंग टिपणारा संवेदक आणि कवटीच्या हाडातून आत पोहोचणारा ध्वनी, असे त्याचे स्वरूप आहे. पुढे ती अँटेना त्यांच्या कवटीच्या हाडात कायमची बसवण्यात आली. आरंभी तिला सहा रंग कळत. नंतर वर्णचक्राच्या ३६० अंशांसाठी ३६० सूक्ष्म स्वर आले आणि त्यानंतर माणसाला न दिसणारे अवरक्त आणि अतिनील किरणही. ब्रिटिश पारपत्रावरील छायाचित्रात अँटेना ठेवू द्यावी यासाठी त्यांना झगडावे लागले. ती त्यांनी वापरलेली वस्तू नसून त्यांचा अवयव आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. रूपस्वातंत्र्याच्या सूत्राला एखाद्या कार्यालयातील अर्जाची कळा यावी, हे पारमानववादाच्या घोषणापत्रांत कोणी कल्पिले नसेल.

उपकरणामागील एक तत्त्व साधे आहे. दृश्य प्रकाशाची वारंवारता सुमारे ४०० ते ७९० टेराहर्ट्‌झ असते. ती चाळीस वेळा निम्मी केली की सुमारे ३६४ ते ७१८ हर्ट्‌झ, म्हणजे आरामात ऐकू येणारा पट्टा मिळतो. लाल सर्वांत खाली, जांभळा सर्वांत वर. दृश्य प्रकाशाचा सारा पसारा एका सप्तकापेक्षा किंचित कमी भरतो, हा योगायोग कोणालाही भुरळ घालील असाच आहे. संगीतात षड्ज आणि तारषड्ज हे एका अर्थाने एकच स्वर मानले जातात. म्हणून चाळीस सप्तके खाली आणलेला लाल हा 'तोच' लाल आहे, असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु सप्तकांतील हे सारखेपण हवेच्या कंपनांना ऐकणाऱ्या कानाचे आहे. प्रकाशाच्या बाबतीत त्याला काही अर्थ नाही. निसर्गनियमासारखे दिसणारे हे सूत्र प्रत्यक्षात एक सुंदर उपमा आहे.

दुसरी अडचण अधिक मुळात जाते. वर्णचक्राला ३६० अंश देताना त्यात किरमिजी रंग येतो. तो असल्याशिवाय चक्र जुळत नाही. मात्र इंद्रधनुष्यात किरमिजी नाही. त्याला स्वतःची अशी एक वारंवारता नाही. लाल आणि निळा प्रकाश डोळ्यात एकत्र पोहोचला म्हणजे माणसाचा मेंदू तो तयार करतो. याचा अर्थ असा की, माणसाच्या इंद्रियांपलीकडे जाऊ पाहणारे हे उपकरण माणसाच्या डोळ्याच्या रचनेवरच आखलेले आहे. पारमानववादी विवेचनात इंद्रिय म्हणजे बदलता येणारा सुटा भाग, असे गृहीत धरले जाते. किरमिजी रंग त्या गृहीतकाला विरोध करतो.

वर्णलेख

हार्बिसन यांच्या कलाकृती अनेक प्रकारच्या आहेत. चेहऱ्यावरील रंगांचे स्वर ऐकून केलेली ध्वनिव्यक्तिचित्रे त्यांत आहेत, तसेच जाहीर प्रयोगही आहेत. अमूर्त चित्रकलेच्या दृष्टीने महत्त्वाची आहे ती 'वर्णलेख' ही मालिका. येथे प्रवास उलटा होतो : गाणे, रचना किंवा भाषण यांतील स्वर रंगांत उतरवले जातात. एकात एक बसवलेल्या चौकोनी पट्ट्या, प्रत्येक पट्टी सपाट रंगाची, कुंचल्याचा माग जवळजवळ नाही, असे या चित्रांचे साधारण रूप असते.

या चित्रांसमोर उभे राहताच योझेफ आल्बर्स यांची आठवण होते. १९५० पासून अखेरपर्यंत आल्बर्स यांनी एकात एक बसवलेल्या चौकोनांची शेकडो चित्रे केली. कोणता रंग कोणत्या कंपनीच्या नळीतील आहे, याची नोंद ते फळीच्या पाठीमागे करीत. त्यांचा सारा अभ्यास एका निरीक्षणाभोवती फिरतो : रंग एकटा कधीच दिसत नाही. शेजार बदलला की रंग बदलतो. तोच करडा तांबड्याशेजारी हिरवट वाटतो आणि हिरव्याशेजारी तांबूस. हार्बिसन यांची अँटेना मात्र रंग एकेकटा ऐकते. समोरच्या बिंदूवरील छटेला ठरलेला स्वर आहे. शेजारी काय आहे याने तो बदलत नाही. त्यामुळे या चित्रांत एक विलक्षण परिस्थिती निर्माण होते. पट्टीला पट्टी भिडताच छटांचे जे परस्परांवर उमटणारे झंकार सर्वसाधारण डोळ्याला दिसतात, आणि जे अशा चित्रातील खरे दृश्यनाट्य असते, ते चित्रकाराच्या अनुभवात नाहीत. त्याच्या अनुभवात एक धून आहे, जी प्रेक्षकाला ऐकू येत नाही. चित्रकार आणि प्रेक्षक एकाच कॅनव्हाससमोर उभे आहेत आणि दोघांना दोन भिन्न कृती भेटत आहेत.

बेझंट–लेडबीटर यांच्या पुस्तकातील फारकत येथे उलट्या दिशेने परतली आहे. या फारकतीला दोष मानायचे की या मालिकेचा खरा विषय, हा प्रश्न समीक्षेपुढे आहे. केवळ रंगसंगती म्हणून पाहिल्यास वर्णलेख आल्बर्स यांच्या जवळपासही पोहोचत नाहीत. रंगांचा क्रम धुनेने ठरवलेला असल्याने पट्ट्यांचा शेजार जुळला तर जुळला, एवढेच. रंग निवडण्याची जबाबदारी नियमाकडे गेली आहे. कांडिन्स्की यांनी मोडलेले कोष्टक येथे निष्ठेने पाळले आहे. मात्र ज्याला रंग कधीच दिसला नाही अशा माणसाने रंगांचे चित्र रंगवावे आणि ते ज्यांना रंग दिसतात त्यांच्यासमोर ठेवावे, या घटनेत जे आहे ते अनादोल यांच्या भव्य पडद्यात नाही. येथे एक विशिष्ट देह आहे, त्याची विशिष्ट उणीव आहे आणि तिच्यातून काढलेली वाट आहे.

नावाशिवाय दोन भाषणे

या मालिकेतील सर्वाधिक चर्चिलेली कृती म्हणजे दोन भाषणांचे वर्णलेख. एक मार्टिन ल्यूथर किंग यांचे २८ ऑगस्ट १९६३ चे वॉशिंग्टन येथील भाषण, दुसरे हिटलरचे. हार्बिसन ही दोन चित्रे नावपट्टीशिवाय टांगतात आणि कोणते अधिक आवडले असे प्रेक्षकांना विचारतात. नंतर नावे सांगितली की बहुतेकांची पसंती बदलते, असे त्यांनी २०१२ मधील आपल्या एका व्याख्यानात नमूद केले आहे.

या प्रयोगाचा रूढ अर्थ असा लावला जातो की, डोळा निष्पाप असतो आणि नाव कळताच पूर्वग्रह जागा होतो. हा अर्थ घाईचा आहे. भाषणातून चित्रात काय आले हे आधी पाहावयास हवे. आले ते स्वरांचे चढउतार, तेही एका सप्तकात घडी घालून. कारण पुरुषाचा बोलण्याचा मूळ स्वर त्या रंगपट्ट्याच्या पुष्कळ खाली असतो आणि रंग मिळवण्यासाठी त्याला वर उचलावे लागते. राहून गेले ते शब्द, पुनरावृत्तीची लय, दोन वाक्यांमधली शांतता, समोरच्या जमावाचा प्रतिसाद. किंग हे चर्चच्या व्यासपीठावर घडलेले वक्ते होते. त्यांच्या वक्तृत्वाचा प्राण थांबण्यात आणि परत येण्यात होता. हिटलरच्या भाषणातील विष शब्दांत होते आणि ते शब्द ऐकून उठणाऱ्या आरोळीत होते. हे सर्व वजा केल्यावर जे उरते ते दोन्हीकडे सारखेच निरुपद्रवी असणार. तेव्हा नाव कळल्यावर प्रेक्षकाची पसंती बदलते, यात पूर्वग्रहापेक्षा न्यायबुद्धी अधिक आहे. रूपांतराने जे काढून टाकले होते ते प्रेक्षक परत मागतो आहे.

येथे पारमानववादी कलेपुढचा एक गंभीर पेच उघड होतो. डेटाच्या स्वरूपात आलेली गोष्ट अधिक वस्तुनिष्ठ, म्हणून अधिक सत्य, असा समज आज कलादालनांतच नव्हे तर विद्यापीठांतही दृढ होत आहे. मोजता आले ते आले, बाकीचे गाळ. ज्या विचाराच्या उगमाशी सुप्रजननवादाशी संबंधित एक थोर शास्त्रज्ञ उभा आहे, त्या विचाराच्या छायेतील कलेत हिटलरचे भाषण सुखद रंगपट्ट्या होऊन यावे, हा केवळ अपघात मानता येत नाही. हार्बिसन यांनी तो लपवलेला नाही, हे त्यांच्या बाजूने मान्य केले पाहिजे. चित्र टांगून ते गप्प बसत नाहीत; प्रश्न विचारतात आणि मग नाव सांगतात. कृती पूर्ण होते ती त्या क्षणी, कॅनव्हासच्या बाहेर. मग प्रश्न उरतो तो चित्राचा. नावपट्टीवाचून ज्याला स्वतःचे असे काही म्हणता येत नाही, आणि नावपट्टी आल्यावर जे केवळ तिचा पुरावा होऊन राहते, त्या चित्राला अमूर्त चित्र म्हणायचे की एका संकल्पनेचे साधन? वर्णलेखांपुरते तरी उत्तर दुसऱ्या पर्यायाकडे झुकते. 'इम्प्रेशन तीन' हे चित्र शोनबर्ग यांचे नाव न कळताही उभे राहते.

हार्बिसन यांनी पुढे स्वतःला पारमानववाद्यांच्या गोटापासून काहीसे दूर ठेवले, ही बाब या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. मून रिबास यांच्यासह त्यांनी २०१० मध्ये सायबॉर्ग प्रतिष्ठान स्थापन केले होते. २०१७ मध्ये बार्सिलोनात स्थापन झालेल्या संस्थेसाठी मात्र 'आंतरप्रजातीय' ही ओळख निवडण्यात आली. माणसाहून श्रेष्ठ होण्याऐवजी इतर प्राण्यांना जे जाणवते ते जाणवून घेण्यावर येथे भर आहे. अतिनील किरण मधमाशीला दिसतात. अँटेना लावून माणूस तेथपर्यंत पोहोचला तर तो कीटकापर्यंत पोहोचला. 'इष्ट' या शब्दातील चढण येथे नाहीशी होते. प्रचारकांनी त्यांना आपल्या व्यासपीठावर कितीही बसवले, तरी त्यांच्या कामातील बळ सामर्थ्यवृद्धीच्या सिद्धांतातून येत नाही. करड्या जगात जन्मलेल्या एका माणसाला तांबड्या वस्तूसमोर एक खालचा स्वर ऐकू येतो, एवढ्या मर्यादित वस्तुस्थितीतून ते येते.

या अँटेनेची एक मर्यादा अमूर्त चित्रकलेच्या इतिहासाच्या दृष्टीने विशेष बोलकी आहे. ती छटा ऐकते. काळा, पांढरा आणि करडा यांना छटा नाही, म्हणून तत्त्वतः त्यांना स्वरही नाही. मालेविच यांच्या 'काळ्या चौकोना'समोर ती मूक राहील, आणि हार्बिसन यांना तेथे केवळ आपल्या जन्मजात डोळ्यांवर भिसावे लागेल; ते डोळे त्या चित्रासाठी इतर कोणाहीइतकेच पुरेसे आहेत. मात्र मॉस्कोतील त्रेत्याकोव्ह कलादालनाने २०१५ मध्ये क्ष-किरण आणि इतर तपासण्यांचे निष्कर्ष जाहीर केले, त्यानुसार काळ्या थराखाली आधीच्या दोन रंगीत रचना आहेत. शंभर वर्षांत काळा थर तडकला आहे आणि त्या बारीक भेगांतून खालचे रंग डोकावतात. अँटेना तेवढी जवळ नेली, तर तेथे काही स्वर ऐकू येतील.